हॉकी स्टिक ठेवल्यावर पुढे काय? (एपिसोडचं लिखित रूप)

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, लोकलच्या गर्दीत फक्त स्क्रीन वाचता येते, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना जे पसरट झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच आहे.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. पनवेलचीच एक मुलगी, बारावी कॉमर्सला, हॉकी खेळते. म्हणते, "दादा, घरचे म्हणतात हॉकीवर पोट भरत नाही. खरंय का? आणि हॉकी संपल्यावर माणूस करतो काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या शाळेपासून माहीत आहे. मी दोन वर्षं हॉकी खेळलो, मुरमाच्या मैदानावर. चेंडू कधी कुठे उसळेल याचा नेम नसायचा. मग एकदा चर्चगेटला, मुंबई हॉकी असोसिएशनच्या मैदानावर मॅच होती. पनवेलहून सीएसएमटी सव्वा तासाच्या वर, तिथून पुढे चालत. त्या टर्फवर चेंडू इतका सरळ आणि इतका जोरात आला की मी स्टिक खाली नेईपर्यंत तो मागे निघूनही गेला होता. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. एक टर्फ अंथरायचा खर्च कोटींत जातो. म्हणून आपल्याकडे अजूनही हा खेळ टर्फ जवळ असलेल्यांचा आहे. मी सोडला. त्याचं फार दुःख नाही, मी बराही खेळत नव्हतो.

दुसरा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. हॉकीपटू आणि बिझनेसमन, ही जोडी आपल्याकडे सहज आठवत नाही. जगात सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आहे ते कॅनडातलं, आणि तेही बर्फावरच्या हॉकीचं. टिम हॉर्टन.

हे नाव तुम्ही कॉफीच्या कपावर वाचलं असेल. 2022 मध्ये दिल्ली-गुरुग्रामला त्यांची भारतातली पहिली दुकानं उघडली. पण टिम हॉर्टन हा खराखुरा माणूस होता. टोरंटो मेपल लीफ्सचा बचावपटू, चार वेळा स्टॅनले कप जिंकलेला. आता गंमत बघा. त्या काळात एनएचएलमध्ये फक्त सहा टीम होत्या आणि पगाराचं सगळं मालकांच्या हातात. खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहिली ती थेट 1967 ला. म्हणजे चॅम्पियन खेळाडूसुद्धा उन्हाळ्यात दुसरं काम शोधायचे. हॉर्टनने बर्गरची दुकानं काढून बघितली, गाड्या विकून बघितल्या. मग 1964 मध्ये हॅमिल्टन गावात डोनटचं दुकान टाकलं. हौस म्हणून नाही, खेळ संपल्यावर काय खायचं या काळजीपोटी.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळे इथेच चुकतात. आपल्याला वाटतं की नाव मोठं असलं की दुकान चालतं. हॉर्टनच्या नावावर आधीची बर्गरची दुकानं पण होतीच की! ती काही मोठी झाली नाहीत. डोनटच्या धंद्याला वळण दिलं ते रॉन जॉयस नावाच्या माजी पोलिसाने. त्याने आधी फ्रँचायझी घेतली, 1967 मध्ये तो भागीदार झाला, आणि एकामागून एक दुकानं उभी राहिली. फ्रँचायझी म्हणजे काय, तर दुकान तुमचं, पैसा तुमचा, नाव आणि पद्धत त्यांची, आणि त्याबदल्यात विक्रीतला ठरलेला हिस्सा त्यांना. आपल्या नाक्यावरचा अमृततुल्य चहा आठवा, बऱ्याच ठिकाणी हाच हिशोब असतो.

21 फेब्रुवारी 1974 ला मॅच खेळून गाडीने परत येताना हॉर्टनचा अपघातात मृत्यू झाला. वय 44, तेव्हाही तो खेळतच होता. दुकानं चाळीसच्या आसपास झाली होती. पुढच्या वर्षी जॉयसने त्याच्या बायकोचा हिस्सा सुमारे दहा लाख डॉलरला विकत घेतला. धंदा नंतर हजारो दुकानांचा झाला, नाव हॉर्टनचंच राहिलं, पण मालकीत त्याचं घर नव्हतं. तिने नंतर कोर्टात दादही मागितली, पण हरली. मला या गोष्टीत डोनटपेक्षा हे प्रकरण जास्त आठवतं.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा हॉकीपटू म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप. परदेशातल्या लीगमध्येही खेळला. पण त्याच्या पिढीचा रस्ता ठरलेला होता: चांगलं खेळा, कंपनीच्या टीममध्ये या, नोकरी मिळवा. धनराज महिंद्रात होता, मग इंडियन एअरलाइन्समध्ये. रेल्वे, पोलीस, आर्मी, बँका, तेल कंपन्या, सगळीकडे हेच. आपल्या राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे ते याच विचाराने. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या घरात महिन्याचा पगार हीच मोठी गोष्ट आहे, तिथे ही नोकरी घर उभं करते. पण सकाळी सराव, दुपारी हजेरी आणि सुरक्षित पगार असल्यावर वयाच्या पस्तिशीत कोण उठून धंदा करायला जाईल? आमच्या घरात तर "धंदा करतो" म्हटलं की आईचा चेहरा बदलतो.

हा रस्ता सोडणारा एक मुंबईकर आहे, विरेन रस्किन्हा. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेचा. या शाळेने भारताला किती हॉकीपटू दिलेत हे जुन्या लोकांना विचारा. मधल्या फळीत खेळायचा, 2004 ला अथेन्स ऑलिंपिक खेळला, 2005 चा अर्जुन पुरस्कार, भारताचा कर्णधारही झाला. आणि जानेवारी 2008 मध्ये, वय 27, त्याने आंतरराष्ट्रीय हॉकी सोडली. कशासाठी? हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये एक वर्षाचं एमबीए करायला.

काळ बघा कुठला. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, चिलीतल्या सँटियागोला भारत ब्रिटनकडून हरला आणि 1928 नंतर पहिल्यांदा पुरुष संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. मी जेव्हा जेव्हा हा क्रम लावतो तेव्हा वाटतं, त्याला त्या वेळी लोक काय काय बोलले असतील! पण हॉकीत 27 म्हणजे भर आणि एमबीएच्या वर्गातही 27 म्हणजे योग्य वय. आणखी सात वर्षं खेळला असता तर त्या वर्गात बसणं अवघड होतं.

2009 पासून तो ऑलिंपिक गोल्ड क्वेस्टमध्ये आहे, पुढे तिचा सीईओ झाला. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी सुरू केलेली ही संस्था नफ्यासाठी नाही. म्हणजे काटेकोर अर्थाने विरेन बिझनेसमन नाही, हे मान्य. पण काम बघा: कंपन्यांकडून आणि देणगीदारांकडून पैसे उभे करायचे, ते कुठल्या खेळाडूवर लावायचे ते ठरवायचं, फिजिओ, आहार, कोच, साहित्य बघायचं, आणि पदकाच्या रूपात हिशोब द्यायचा. 2012 ला लंडनमध्ये भारताच्या सहा पदकांपैकी चार पदकं या संस्थेने पाठबळ दिलेल्या खेळाडूंची होती. त्यात कंपनी कायदा 2013 आला. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, आणि त्या यादीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षणही आहे. अशा कंपनीसमोर बसून ताळेबंद बोलता आला पाहिजे आणि ड्रेसिंग रूममध्ये दुखऱ्या गुडघ्याची भाषाही कळली पाहिजे. दोन्ही येणारी माणसं कमी.

मग लीगचं काय, असं तुम्ही विचाराल. हॉकी इंडिया लीग 2013 ला आली, 2017 नंतर बंद पडली, आणि 2024 च्या शेवटी पुन्हा सुरू झाली. त्या लिलावात हरमनप्रीत सिंगला 78 लाख मिळाले, छान. पण त्या हंगामाच्या पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. आणि ज्या लीगला मध्ये सात वर्षांची सुट्टी लागते, तिच्या भरवशावर कोणी घराचा हप्ता काढू नये.

त्या मुलीला मी हे सगळं पाठवलं नाही, एवढी मोठी व्हॉइस नोट कोण ऐकणार. फक्त विचारलं, बारावीचा फॉर्म भरलास का, कॉमर्स सोडणार तर नाहीस ना? तिचं उत्तर रात्री आलं: "फॉर्म भरलाय दादा. पण अकाउंट्सचा पेपर आणि निवड चाचणी एकाच आठवड्यात आलीय. आणि चाचणी चर्चगेटला आहे, सकाळी सातला."

पनवेलहून पहिली लोकल किती वाजता सुटते ते मी तिला बघून कळवलंय.