बोल फुटण्याची वाट पाहताना

दोन वर्षे पूर्ण झाली तरी मूल बोलत नाही, दीड वर्ष उलटले तरी आधाराशिवाय पाऊल टाकत नाही किंवा नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, तेव्हा वऱ्हाडातील घरांत थोरामोठ्यांकडून बहुधा 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' असे उत्तर मिळते. या उत्तरामागे माया असते आणि काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते, कारण उशिरा बोलू लागलेली अनेक मुले पुढे आपल्या वयाच्या मुलांना गाठतात. परंतु कोणते मूल असे आपोआप पुढे येईल आणि कोणते मागेच राहील, हे नुसती वाट पाहून आधी ओळखता येत नाही. आणि पहिल्या दोन वर्षांत मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे 80 टक्क्यांपर्यंत पोहोचत असल्याने, वाट पाहण्यात जातो तो नेमका शिकण्याचा सर्वांत सुपीक काळ असतो.

मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, बोट दाखवणे, शब्द उच्चारणे या गोष्टी मुले साधारण ठरावीक वयात करू लागतात, आणि त्यांना विकासाचे टप्पे म्हणतात. हालचाल, हातांचा वापर, भाषा, समज आणि इतरांशी वागणे यांपैकी एका किंवा अधिक बाबतींत मूल अपेक्षित वयाच्या बरेच मागे राहिले, तर त्याला विकासातील विलंब म्हटले जाते. विलंब हे आजाराचे नाव नाही. त्यामागे अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच न रडणे, नवजातपणी वाढलेली कावीळ, थायरॉइडची कमतरता, ऐकू न येणे, स्वमग्नता अशी अनेक कारणे असू शकतात, तर काही मुलांत कारण सापडतही नाही. शीघ्र हस्तक्षेप ही संकल्पना येथेच उपयोगी पडते: निदानाचे नाव निश्चित होण्याची वाट न पाहता, विलंब दिसताच मुलाला आणि त्याच्या कुटुंबाला मदत सुरू करायची आणि तपासण्या तिच्यासोबत चालू ठेवायच्या, असे तिचे सूत्र आहे.

हा प्रश्न मोजक्या घरांपुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या 2 ते 9 वर्षे वयाच्या मुलांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत ऐकणे, पाहणे, हालचाल, बुद्धी, स्वमग्नता, अपस्मार आदींपैकी किमान एक अडचण साधारण आठ मुलांमागे एकात आढळली.

महाराष्ट्राचा या कामाशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मतः असलेले दोष, कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील 30 स्थितींसाठी जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणे, हे त्याचे काम आहे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाते. पथकाच्या पिशवीत खुळखुळा, घंटी, टॉर्च, रंगीत लोकरीचा गोळा आणि एक इंचाचे ठोकळे असतात. लोकरीचा गोळा हळूहळू सरकवला की बाळाची नजर त्याच्या मागे जाते का, पाठीमागे खुळखुळा वाजवला की ते मान वळवते का, ठोकळा मुठीत धरते की अंगठा आणि बोटांच्या चिमटीत, अशा साध्या निरीक्षणांतून शंका असलेली मुले वेगळी काढली जातात आणि त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस आणि विशेष शिक्षक एकाच छताखाली भेटावेत, अशी या केंद्राची योजना आहे.

खरी कसोटी लागते ती यानंतर. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे तालुक्याचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे जंक्शन असून जिल्ह्याचे ठिकाण अकोला तेथून सुमारे 40 किलोमीटरवर आहे, त्यामुळे नकाशावर पाहता हे अंतर किरकोळ वाटते. परंतु वाचा-उपचार म्हणजे एकदा घेऊन संपणारी लस नव्हे. त्यासाठी महिनोन्‌महिने, बहुतेकदा दर आठवड्याला जावे लागते. तालुक्यातील आडवळणाच्या गावाहून आधी मूर्तिजापूर, तेथून अकोला, मग रुग्णालयापर्यंत ऑटो, आणि हे सारे कडेवर दोन वर्षांचे मूल घेऊन, असा एका फेरीत संपूर्ण दिवस जातो. निंदणाच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तो दिवस म्हणजे बुडालेली मजुरी असते. दोन-तीन फेऱ्यांनंतर येणे थांबले, तर कागदावर त्या कुटुंबाने उपचार सोडले अशी नोंद होते. वास्तविक, उपचारच त्या कुटुंबाच्या आवाक्यात आणून ठेवलेले नसतात. केवळ 'पालकांत जागृती नाही' म्हणून या गळतीचा निकाल लावणे अन्यायाचे आहे.

या अडचणीवरची वाट शीघ्र हस्तक्षेपाच्या मूळ स्वरूपातच आहे. लहान मुलाच्या बाबतीत तज्ज्ञाने आठवड्यातून अर्धा तास मुलाला 'शिकवणे' हा उपचाराचा मुख्य भाग नसतो. तो अर्धा तास आई-वडिलांना किंवा आजीला पद्धत दाखवून देण्यासाठी असतो आणि खरा उपचार उरलेल्या आठवड्यात घरी, अंघोळ, जेवण आणि खेळ यांतून घडतो. चांगल्या केंद्रातील सत्रात वाचातज्ज्ञ चटईवर आईला मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवतात आणि मुरमुरे भरलेली, घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी मध्ये ठेवतात. मूल बरणी उचलते, हलवते, झाकणाशी झटते आणि शेवटी आईचा हात धरून झाकणावर ठेवते. एरवी आई लगेच झाकण उघडून देते. येथे तिला पाच-सात सेकंद थांबायला, मुलाच्या नजरेत पाहायला आणि 'उघड' एवढा एकच शब्द स्पष्ट म्हणायला सांगितले जाते. मुलाने नजर मिळवली, एखादा आवाज काढला किंवा बोट पुढे केले की ते मागणे मानून लगेच चार मुरमुरे द्यायचे, बरणी पुन्हा बंद करायची आणि पुन्हा थांबायचे. मागितले की मिळते हे मुलाच्या ध्यानात आले की आवाजाचा पुढे शब्द होण्याची शक्यता वाढते. हाच प्रकार अंघोळीच्या वेळी 'पाणी', कपडे घालताना 'हात वर', दाराशी 'चल' अशा शब्दांनी करता येतो. 'बोल, बोल ना, काका म्हण' असा लकडा लावण्यापेक्षा मूल ज्याकडे पाहत आहे त्याचे नाव घेणे अधिक उपयोगी ठरते.

घरच्या माणसांच्या हातून होणारे असे काम किती दूरवर पोहोचते, याचा भक्कम पुरावा जमैकात मिळाला. 1980 च्या दशकात संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टन शहरातील खुंटलेल्या वाढीच्या, 9 ते 24 महिने वयाच्या 129 मुलांसोबत काम सुरू केले. त्यांतील काही गटांत सामुदायिक आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला एक तास घरी जात आणि घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवत. सुमारे 20 वर्षांनंतर, या भेटी मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सरासरी 25 टक्के अधिक असल्याचे आढळले. कुपोषणाचा प्रश्न ज्यांच्या दाराशी आहे त्या अकोला आणि अमरावती जिल्ह्यांनी या प्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात महागडे यंत्र नव्हते, होती ती नेमाने येणारी आणि प्रशिक्षण घेतलेली बाई.

तशी बाई अंगणवाडी सेविकेच्या रूपाने वऱ्हाडातील गावोगावी आधीपासून आहे. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह, शाळेपर्यंत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालशिक्षण नेले. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हा देशातील पहिल्या 33 प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील धारणीचा समावेश होता. पुढे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्याच्या बालविकास विभागासह 'आरंभ' हा उपक्रम उभा केला. तो प्रथम औरंगाबाद आणि यवतमाळ या जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात अंगणवाडी सेविका गृहभेटी आणि पालक मेळाव्यांतून तीन वर्षांखालील मुलांशी खेळण्या-बोलण्याच्या पद्धती आई-वडिलांना, तसेच आजी-आजोबांना दाखवतात. विलंब असलेल्या मुलासाठी एवढे पुरत नाही हे खरे, तरी तज्ज्ञाने आखून दिलेला घरचा अभ्यास रुजवायला याहून जवळचे हात सापडणार नाहीत.

भाषेच्या विलंबात पहिली तपासणी कानांची, हे मात्र कधीही सुटता कामा नये. थाळी वाजवली की बाळ दचकते, म्हणून त्याला ऐकू येते असे घरचे समजतात. पण मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातील बारीक ध्वनी ऐकू येत नसतील, किंवा ते सावली आणि हादरा यांवरून वळत असेल. नवजात बाळाच्या कानात छोटी नळी बसवून होणारी ओएई ही चाचणी काही मिनिटांची असते, आणि तीत शंका आल्यास श्रवणाच्या मज्जामार्गाची बेरा चाचणी केली जाते. ऐकण्यातील दोष तीन महिन्यांच्या आत निश्चित व्हावा आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व प्रशिक्षण सुरू व्हावे, असा जगभर मान्य असलेला दंडक आहे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या किंवा कावीळ जास्त वाढलेल्या बाळासाठी ही तपासणी विशेष महत्त्वाची असते.

मूर्तिजापूरच्या एकाच गल्लीत वऱ्हाडी, उर्दू, हिंदी अशा भाषा कानावर पडतात आणि दोन भाषांमुळे मूल गोंधळून बोलत नाही, असा समज सर्रास आढळतो. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विलंब होत नाही. मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द धरायचे असतात. घरच्यांनी आपली वऱ्हाडी सोडून पुस्तकी मराठी किंवा मोडकी इंग्रजी बोलावी, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण आई ज्या भाषेत सहज लाडाने बोलते तीच मुलाला सर्वांत अधिक शब्द देते. मोबाइलचे तसे नाही. एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले. भाषेच्या दृष्टीने साधी अडचण अशी की पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

प्रत्येक गरोदर मातेला मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. त्याच कार्डातील लसीकरणाचा तक्ता आणि वजनाचा आलेख काळजीने भरला जातो; टप्प्यांच्या पानाला तेवढा मान मिळत नाही. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत 'मम्मी ये' अशी दोन शब्दांची जोडणी नसेल किंवा आलेले शब्द मावळू लागले असतील, तर पथकाच्या पुढच्या फेरीसाठी न थांबता आशा किंवा अंगणवाडी सेविकेला सांगून तपासणी करून घ्यावी. शब्द मावळणे हे कोणत्याही वयात तातडीचे लक्षण आहे.

तीन वर्षांनंतर हे मूल अंगणवाडीत बसू लागते, आणि दिव्यांग मुलांना तेथे कसे सामावून घ्यावे याची कार्यपद्धती केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केली आहे. त्याआधीच्या दीड-दोन वर्षांसाठी मात्र तालुक्याच्या गावी तज्ज्ञ हवा. जिल्ह्याच्या केंद्रातील वाचातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक ठरलेला दिवस मूर्तिजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात बसले, तो दिवस आठवडी बाजाराचा निवडला आणि संबंधित गावची अंगणवाडी सेविका त्या सत्राला आईसोबत आली, तर एका फेरीत बाजार होईल, उपचार होईल आणि घरी काय करून घ्यायचे ते गावातल्या दोन बायकांना ठाऊक असेल.