चाकांतलें चिमुकलें नभोवाणी-केंद्र

श्रोतेहो, ज्या नभोवाणीच्या साहाय्यानें माझा आवाज आपल्या घरीं पोहोंचत आहे, त्याच तत्त्वावर चालणारें एक चिमुकलें केंद्र हल्लीं कित्येक मोटारसायकलींच्या चाकांत बसवितात. त्याच्या कार्यक्रमांत गायन नाहीं, भाषण नाहीं. बातम्या मात्र आहेत, आणि त्याहि मोजक्याच : चाकांत हवेचा दाब किती, आंतलें उष्णतामान किती, आणि बातमी देणाऱ्याचा स्वतःचा क्रमांक कोणता. गाडीवर बसविलेला ग्राहक ही बातमी ऐकतो, मीटरवर आंकड्यांत दाखवितो, आणि दाब फार उतरला तर इशाऱ्याचा दिवा लावतो. चाकांतल्या या डबीला कारागीर ‘सेन्सर’ म्हणतात. मीहि तोच शब्द वापरतों. हा सेन्सर बिघडला असें वाटलें म्हणजे काय करावें, आणि मुळांत तो खरोखरच बिघडला आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें, एवढाच आजचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण तसा तो नाहीं. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेची धाव बसविली, तेव्हांपासून आपण सर्व जण हवेवरच स्वार झालों आहों. चारचाकी मोटारीचें एक चाक बसलें तर उरलेलीं तीन तिला कांहीं काळ सांवरून धरतात. दुचाकीस तो आधार नाहीं. पुढच्या चाकांतील हवा उतरली म्हणजे हँडल जड होतें, वळणावर गाडी ऐकेनाशी होते. टायरची कड दबून पुनःपुन्हां वांकते व तापते, आणि शेवटीं ती रिमवरून सुटण्याचा संभव असतो. शिवाय ट्यूबलेस टायरांतून खिळा आंत राहूनहि हवा अगदीं सावकाश जाते. चार-सहा पौंडांची तूट डोळ्यांस दिसतहि नाहीं. डोळ्यांस न दिसणारी ही तूट सांगण्यासाठींच हा सेन्सर आहे.

टायर फुटून झालेल्या अपघातांमुळें अमेरिकेंत २००० सालीं या बाबतींत कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून तेथें बनणाऱ्या सर्व हलक्या मोटारींस अशी सूचक यंत्रणा सक्तीची झाली. मोटारसायकलींवर ती सक्ती नव्हती. तरीहि मोठ्या गाड्यांतून ती हळूहळू आलीच. आतां तर टीव्हीएस कंपनीची २०२३ सालीं निघालेली अपाची आरटीआर ३१० यांसारख्या देशी गाड्यांवरहि ती मिळूं लागली आहे. ज्यांच्या गाडीस ती मुळांत नाहीं, त्यांच्यासाठीं व्हॉल्व्हवर टोपीप्रमाणें फिरवून बसवावयाचे सेन्सर बाजारांत आहेत. त्यांतले कित्येक आपली बातमी थेट खिशांतल्या मोबाइलला देतात. तेव्हां आमच्या कबनूर-इचलकरंजीच्या रस्त्यावर अशी एखादी गाडी दिसली तर आतां तें नवल राहिलेलें नाहीं.

कबनूरचें नांव निघालें म्हणून मागाचाच दाखला देतों. आमच्या भागांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. त्या मागास एक लहानसा कांटा असतो. आडवा धागा तुटला अगर कांडी संपली, तर तो कांटा माग थांबवितो. माग थांबल्याबरोबर शहाणा विणकर कांट्याला शिव्या देत नाहीं. तो आधीं धागा पाहतो. धागा शाबूत असेल तरच त्याची दृष्टि कांट्याकडे वळते. मोटारसायकलवाल्यांचें पुष्कळदां याच्या नेमकें उलट होतें. दिवा लागला कीं, “सेन्सर गेला असेल,” असें म्हणून ते पुढें जातात. माझ्या आजच्या सांगण्याचें सार एवढेंच कीं, दिवा लागला म्हणजे आधीं हवा पाहावी, मग सेन्सर.

हवा पाहावी म्हणजे अंगठ्यानें टायर दाबून पाहावी असें नव्हे. दाब मोजण्याचा लहानसा गेज स्वतःजवळ असावा, आणि गाडी तीन-चार तास उभी राहून टायर थंड झाल्यावर मोजावें. गाडीच्या पुस्तकांत अगर साखळीजवळच्या पट्टीवर जो दाब छापलेला असतो, तो थंड टायरचा असतो. दोन पेट्रोलपंपांचीं मापें एकमेकांशीं जुळतीलच असें नाहीं. म्हणून तुलना नेहमीं एकाच गेजाशीं करावी.

आतां समजा, थंडीच्या दिवसांत भल्या पहांटे कोणी कबनूरहून कोल्हापुरास निघाला आणि हातकणंगल्याच्या अलीकडेच दिवा लागला. गेजानें पाहतां हवा खरोखरच दोन-अडीच पौंडांनीं कमी भरली. पण खिळा नाहीं, गळती नाहीं. मग हवा गेली कोठें ? ती कोठेंच गेली नाहीं, ती आंखडली. आदल्या दुपारीं ३२ अंश उष्णतामानांत ३० पौंड भरलेली हवा पहांटे १६ अंशांवर आली म्हणजे तिचा दाब सुमारें पावणेअठ्ठावीस पौंड होतो. हा निसर्गाचा नियम आहे. सेन्सरनें खरें तेंच सांगितलें. उलट भरधाव गाडी चालवून टायर पंचवीस अंशांनीं तापला तर तीच हवा साडेतीन पौंड अधिक दाखवील. अशा वेळीं ‘हवा जास्त झाली’ म्हणून ती सोडून देणें ही मोठी चूक होय. टायर निवाल्यावर तो नको तितका मऊ पडतो.

कधीं कधीं गेज एक सांगतो व मीटर दुसरें, आणि तरीहि दोघे खरे असतात. बी. एम. डब्ल्यू.च्या मोठ्या मोटारसायकलींतील यंत्रणा मोजलेला दाब २० अंश उष्णतामानास किती झाला असता, तें गणित करून दाखविते. त्यामुळें तापलेल्या टायरवर पंपाचा गेज ३२ दाखवीत असतां मीटरवर २८ दिसूं शकतात. दुसरें कारण उंचीचें. कांहीं स्वस्त सेन्सर एकूण दाब मोजून त्यांतून समुद्रसपाटीवरील वातावरणाचा दाब, म्हणजे १४.७ पौंड, सरसकट वजा करतात. आपला कोल्हापूरचा परिसर समुद्रापासून सुमारें साडेपांचशे मीटर उंच आहे व येथें वातावरणाचा दाब पावणेचौदा पौंडांच्या जवळपास असतो. म्हणजे असा सेन्सर येथें सुमारें एक पौंड कमी दाखविणारच. फरक दोन्ही चाकांस सारखा व रोजचा असेल तर तो दोष समजूं नये, लक्षांत मात्र ठेवावा.

गेज व मीटर दोघांनींहि हवा कमी सांगितली आणि ती रोजच कमी होऊं लागली, तर साबणाचें पाणी घ्यावें. तें टायरच्या नक्षीवर, रिमच्या कडेवर, व्हॉल्व्हच्या तोंडाशीं आणि बुडाशीं लावावें. जेथें बुडबुडे येतील तेथें चोर आहे. टोपीसारखा सेन्सर असेल तर त्याच्या भोंवतींहि पाणी लावावें. कारण अशी टोपी व्हॉल्व्हची आंतली पिन दाबून धरूनच हवा मोजते. तिची रबरी चकती फाटली तर राखणदारच चोर ठरतो. रबरी व्हॉल्व्हवर असली जड टोपी बसवून वेगानें गाडी पळविल्यास व्हॉल्व्हच्या मुळाशीं ताण येतो. अशा ठिकाणीं धातूचा व्हॉल्व्ह बरा.

येथवर हवेची तपासणी झाली. हवा ठीक आहे, गळती नाहीं, आणि तरीहि मीटरवर आंकड्यांऐवजीं नुसत्या रेघा दिसतात, तेव्हां सेन्सरचा विचार करावा. तक्रार करणारा सेन्सर आणि गप्प बसलेला सेन्सर, या दोन गोष्टी भिन्न आहेत. कमी आंकडा ही तक्रार होय. रेघा म्हणजे मौन. आणि मौनाचींहि कारणें अनेक असतात.

पहिलें कारण झोंप. आंतला सेल वर्षानुवर्षें पुरावा म्हणून गाडी उभी असतांना सेन्सर निजतो व चाक फिरूं लागल्यावर जागा होतो. कित्येक गाड्यांत ताशीं सुमारें ३० किलोमीटर वेग आल्याखेरीज तो बोलतच नाहीं. म्हणून दारांत चावी फिरवून रेघा पाहिल्या आणि सेन्सर मेला असें ठरविलें, तर तो अन्याय होईल. मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटें गाडी चालवावी व मग निर्णय करावा.

दुसरा प्रश्न असा कीं, रेघा एकाच चाकाच्या आहेत कीं दोन्ही चाकांच्या ? एकच चाक गप्प असेल तर दोष बहुधा त्या चाकांतल्या सेन्सरचा. दोन्ही एकदमच गप्प झालीं असतील तर ग्राहकाकडे वळावें : त्याचा फ्यूज, त्याची जोडणी, अगर त्याच्या कानांवर पडणारा गोंगाट. आपल्याकडील बहुतेक सेन्सर सेकंदास सुमारें ४३ कोटी ३९ लक्ष आंदोलनांच्या लहरींवर बोलतात, आणि त्यांचा आवाज फार क्षीण असतो. मागाहून लावलेले हलक्या दर्जाचे एल. ई. डी. दिवे अगर मोबाइलचा चार्जर यांच्या खरखरीनें तो बुडून जातो. घरच्या रेडिओवर खरखर आली म्हणजे आपण जवळचें एकेक उपकरण बंद करून पाहतों. येथेंहि तेंच करावें.

तिसरा प्रश्न : नुकताच कोणी चाकाला हात लावला होता काय ? ग्राहक फक्त ओळखीच्या क्रमांकाचेंच ऐकतो. सेन्सर नवा घातला असेल, तर त्याचा क्रमांक ग्राहकाच्या वहींत नोंदवावा लागतो. तें काम गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें अगर कारखान्यांतील यंत्रानें होतें. टोपीचे सेन्सर पुढचे मागें व मागचे पुढें बसले, तर बातमी खरी पण पत्ता खोटा असा प्रकार होतो, आणि मनुष्य भलत्याच चाकांत हवा भरीत बसतो. पंक्चर काढतांना टायर उतरविण्याची पहार व्हॉल्व्हजवळ घातली तर आंतली डबी फुटते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वींच कारागिरास, “आंत सेन्सर आहे, सुरुवात व्हॉल्व्हपासून दूर करा,” असें सांगावें. न सांगतां मागाहून त्याला दोष देणें न्यायाचें नव्हे. टायरच्या आड दडलेली वस्तु त्याला कशी दिसणार? पंक्चर आपोआप बुजविणारें द्रावण भरण्याचाहि प्रघात आहे. कांहीं द्रावणांनीं सेन्सरचें इवलेंसें छिद्र बुजतें आणि मग तो गोठलेला एकच आंकडा दाखवीत राहतो. अशा वेळीं गेजानें थोडी हवा कमी करून पाहावी. मीटर हलला नाहीं तर छिद्र बुजलें असें समजावें.

चवथें कारण वार्धक्य. रिमच्या आंत बसणाऱ्या सेन्सरचा सेल साधारणतः पांच ते दहा वर्षें टिकतो. अशक्त सेल थंडीच्या सकाळीं प्रथम दगा देतो, ऊन चढल्यावर पुन्हां बोलूं लागतो; असा लपंडाव सुरू झाला म्हणजे त्याचे दिवस भरत आले. बहुतेक डब्या राळेनें कायमच्या बंद केलेल्या असतात, म्हणून सेल बदलतां येत नाहीं, सेन्सरच बदलावा लागतो. दोन्ही चाकांतले सेन्सर एकाच वयाचे असल्यानें एक गेल्यावर दुसऱ्याचीहि अपेक्षा ठेवावी. नवा टायर घालतांना जुने सेन्सर बदलून घेतले तर टायर दोनदां उतरविण्याची मजुरी वांचते. टोपीच्या सेन्सरांतील चकतीसारखा सेल मात्र घरींहि बदलतां येतो. सेलची बाजू उलटी होऊं देऊं नये व रबरी चकती स्वच्छ पुसून बसवावी. आणखी एक सूचना : ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी टोपी घालूं नये. पावसाळ्यांत पाणी शिरून दोन धातू एकमेकांस खातात, टोपी अडकते, आणि ती काढतांना व्हॉल्व्हच तुटून हातीं येतो.

एवढी तपासणी करावयास गेज, साबणाचें पाणी व अर्धा तास, याहून अधिक कांहीं लागत नाहीं. ती करूनहि दोष सांपडला नाहीं तर गाडी खुशाल कारखान्यांत न्यावी; पण जातांना कोणतें चाक, कोणत्या वेळीं व किती आंकडा, हें कागदावर टिपून न्यावें. अर्धी दुरुस्ती त्या कागदानेंच होते.

शेवटीं घरांतील वडील मंडळींस एक विनंति आहे. आपला मुलगा अगर मुलगी रोज गाडीवरून कॉलेजांत वा कामावर जात असेल, तर आठवड्यांतून एकदां, सकाळीं गाडी बाहेर निघण्यापूर्वीं, दोन्ही चाकांतली हवा गेजानें मोजण्याची संवय त्यांना लावा. सेन्सर असला तरी मोजा, नसला तर अवश्य मोजा. आणि ज्या गाडीवर तो दिवा आहे ती चालविणाऱ्यास निक्षून सांगा कीं, दिवा लागला तर गाडीचा वेग हळूहळू कमी करावा, जोराचा ब्रेक न लावतां ती कडेला घ्यावी, आणि उतरून चाक पाहावें. दिवा खोटा ठरला तर पांच मिनिटें जातील. तो खरा असतां दुर्लक्ष केलें तर काय जाईल, हें मीं सांगावयास नको.