ब्रागांझा घाटातील सरहद्द

सह्याद्रीतील रेल्वेच्या इतिहासात बोरघाट आणि थळघाट यांनाच बहुतेक जागा मिळते. मात्र दोन स्वतंत्र सत्तांचे प्रदेश डोंगर फोडून जोडणारा लोहमार्ग शोधायचा, तर पोर्तुगीज गोव्यातील मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीतील कॅसलरॉकपर्यंत गेलेल्या सुमारे 82 किलोमीटरच्या मार्गाकडे वळावे लागते. तेथील कातळ काही वर्षांत सुरुंगांना वश झाला. परंतु त्या मार्गाने काय जाईल, किती जाईल आणि मुळात जाईल की नाही, हे पुढे पाऊणशे वर्षे जकात आणि तह यांनीच ठरविले.

पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी 1737 ते 1739 या काळात साष्टी आणि वसई घेतली, तेव्हापासून कोकणातील त्यांची सत्ता मुख्यतः गोवा आणि दमण यांपुरती उरली. मुरगावचे बंदर नैसर्गिकदृष्ट्या उत्तम होते, पण त्याला माल पुरवू शकणारा धारवाड-हुबळीकडील कापसाचा मुलूख घाटापलीकडे, ब्रिटिशांच्या ताब्यात होता. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्ही प्रदेशांमधील जकातीची भिंत काढली, गोव्यातील मिठाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे दिले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. रेल्वेची कल्पना याच व्यवहारातून साकारली. 1881 साली लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली, आणि 1888 साली मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा, मार्ग कॅसलरॉकला पोहोचला.

कुळे ते कॅसलरॉक हा सुमारे 26 किलोमीटरचा टप्पा ब्रागांझा घाट म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीच्या या कड्याला मिळालेले नाव लिस्बनच्या राजघराण्याचे आहे. येथे एकच लांब बोगदा नाही. रूळ डोंगराच्या कुशीने वळणे घेत चढतात आणि जेथे एखादी सोंड आडवी येते तेथे ती भेदून पलीकडे निघतात, त्यामुळे आखूड बोगद्यांची मालिकाच तयार झाली असून दूधसागर धबधब्यासमोरून गाडी पुलावरून जाते. चढ इतका तीव्र आहे की साधारण 37 मीटर अंतर कापताना गाडी एक मीटर वर जाते, आणि म्हणून गाडीला जास्तीची इंजिने, ज्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात, जोडावी लागतात. येथे खोदकामाइतकेच पाण्याचे काम कठीण असते, कारण मुसळधार पावसात डोंगरउतारावरची माती सुटते आणि बोगद्यांची तोंडेच आधी धोक्यात येतात.

आल्प्समधील मों-स्नी बोगद्याचे खोदकाम 1857 साली सुरू झाले तेव्हा त्याची दोन्ही तोंडे सार्डिनियाच्या एकाच राज्यात होती. 1860 साली सव्हॉय प्रांत फ्रान्सकडे गेल्यामुळे 1871 साली उघडलेल्या त्या बोगद्यात सरहद्द नंतर येऊन बसली. ब्रागांझा घाटात सरहद्द आधीपासून होती, आणि ती घाटमाथ्याजवळ असल्याने खर्चाचा अवघड भाग गोव्याच्या हद्दीत पडला, तर माल ब्रिटिशांच्या मर्जीवर राहिला. हा सौदा पोर्तुगालला फारसा फायद्याचा ठरला नाही. पुण्याकडून मिरजमार्गे लोंढ्याला येणारा रूळ 1890 च्या सुमारास पुरा होताच कापूस मुंबईकडे वळू लागला, 1892 साली तहाची मुदत संपून जकातनाके परत आले आणि 1902 साली मार्ग चालविण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. पुढे 15 ऑगस्ट 1955 च्या गोवामुक्ती सत्याग्रहावर गोळीबार झाल्यानंतर भारताने संबंध तोडले, तेव्हा घाटातील सरहद्दीपलीकडची वाहतूकच थांबली; ती 1961 च्या मुक्तीनंतर सुरळीत झाली.

आज ही सीमा केवळ गोवा आणि कर्नाटक या राज्यांमधली आहे. रूळ 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाले, तरी उतार तोच राहिला आहे. जुलै 2021 मध्ये कोकण रेल्वे पुरामुळे बंद असताना मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी या मार्गाने वळविली गेली आणि दूधसागर-सोनावळी दरम्यान दरड कोसळल्याने रुळांवरून घसरली. कोळशाची वाहतूक वाढेल या भीतीने गोव्यातील नागरिकांनी ज्या दुहेरीकरणाला विरोध केला, त्यासाठी मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्याच्या हद्दीत दुसरा रूळ टाकण्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली.