आजीला विचारा

मी प्रयोगशाळेत काम करतो. जन्मतःच ज्यांची प्रतिकारशक्ती अपुरी असते, अशा मुलांच्या रक्तात नेमकं काय कमी आहे हे शोधणं, हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे महागडी यंत्रं आहेत. पण आज मी बोलणार आहे एका प्रश्नाबद्दल. तो विचारायला एक रुपयाही लागत नाही.

काही वर्षांपूर्वी चार महिन्यांचं एक बाळ तपासणीला आलं. तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब, दुसऱ्यांदा झालेला न्यूमोनिया. डाव्या दंडावर बीसीजीची लस दिलेली आणि त्याच बाजूच्या काखेत मोठी गाठ. सोबत आईची आई होती. मी विचारलं, "आजी, तुमच्या घरात आणखी कुणी लहान मुलं अशी गेली का?" त्या खाली बघत म्हणाल्या, "माझेच दोन मुलगे गेले. वर्षाचेही झाले नव्हते. मुली तेवढ्या राहिल्या. लोक म्हणायचे, हिला मुलगा लाभत नाही."

निम्मं निदान तिथेच झालं होतं.

आपल्या रक्तातल्या टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुकादम. त्या नसतील तर बाकीच्या पेशींना काम सांगायला कुणी उरत नाही. या आजाराला 'स्किड' म्हणतात. त्याच्या एका प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक सदोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि ती ठणठणीत राहते. मुलाकडे एकच एक्स असतो, तोही आईकडून आलेला. म्हणून मामा गेलेले असतात आणि भाच्यावर तीच वेळ येते. इतर काही प्रकारांत आई आणि वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो. मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, तर ही शक्यता वाढते.

१९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनला डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा जन्मला. त्याचा मोठा भाऊ याच आजारानं गेला होता. ते माहीत होतं, म्हणून डेव्हिडला जन्मताच निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात ठेवलं गेलं. तो बारा वर्षं जगला. तेव्हा त्याच्यासाठी पूर्ण जुळणारा अस्थिमज्जेचा दाता मिळाला नाही. आज प्रत्यारोपणाचं तंत्र खूप पुढे गेलंय, पण वेळ महत्त्वाची. उत्तर अमेरिकेतल्या २४० बाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ९४ टक्के मुलं पाच वर्षांनंतर जिवंत होती. ज्यांचं त्यानंतर आणि अंगात संसर्ग चालू असताना झालं, त्यांच्यातली निम्मीच.

मग लवकर कळणार कसं? शिंप्याच्या दुकानात जमिनीवर कतरणं पडलेली दिसली, की आत कपडे शिवले जातायत हे समजतं. टी पेशी घडताना डीएनएचे असेच छोटे गोल तुकडे कापले जातात. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ते मोजता येतात. तुकडे नाहीत, म्हणजे टी पेशी बनत नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं २००८ मध्ये सगळ्या नवजात बाळांसाठी ही चाचणी सुरू केली. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. म्हणून आपल्याकडे आजीची आठवण मोलाची.

बीसीजी आणि तोंडावाटे दिलेला पोलिओचा डोस, या दोन्हींत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. जवळपास सगळ्या बाळांसाठी या लसी सुरक्षित आणि आवश्यक आहेत. त्या टाळू नका. फक्त आईच्या किंवा वडिलांच्या घराण्यात तान्ही मुलं वारंवार संसर्गानं गेली असतील, तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. ते जिवंत लसी थोड्या थांबवून आधी रक्त तपासतील. साध्या रक्ततपासणीतही खूण मिळते. तान्ह्या बाळात लिम्फोसाइट पेशी ३,००० च्या खाली असतील, तर पुढची तपासणी हवी. मुंबईत परळला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आणि चंदीगडला पीजीआय इथे या आजारांवर काम चालतं.

ते बाळ वाचलं नाही. बीसीजीचे जंतू अंगभर पसरले होते. पण दोन वर्षांनी त्याची मावशी बाळंत व्हायची होती, तेव्हा आजींनी स्वतः डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. मुलगा झाला. लस थांबवली, रक्त तपासलं, दोष निघाला. तिसरा महिना संपायच्या आत प्रत्यारोपण झालं. आता तो बालवाडीत जातो.

तुमच्याही घरात आजी, आत्या, मावशी असतील. कोण गेलं, किती महिन्यांचं होतं, मुलगा की मुलगी, एवढं त्यांना विचारून लिहून ठेवा. आणि विचारताना हेही सांगा, की यात त्यांची काही चूक नव्हती.