घटस्फोट न घेता कायद्याने वेगळं राहता येतं. बाँडवर सही करण्याआधी हे वाचा

लेक माहेरी येऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. दोन्हीकडच्या बैठका होतात, तरी जुळत नाही. मग कोणीतरी सुचवतं, "तालुक्याला जा, पाचशेचा बाँड घ्या, दोघांच्या सह्या करा, नोटरी करा, विषय संपला."

विषय तिथं संपत नाही. बाँडवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीनं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीप्रमाणे काडीमोड होतो आणि कायदा तो मानतो, पण तशी रूढी खरंच आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्याहून मोठी गोम पुढे आहे. बाँडमध्ये बहुतेक वेळा "आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत" असं वाक्य घातलेलं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुनं कलम १२५) स्पष्ट म्हटलंय, की परस्पर संमतीनं वेगळं राहणाऱ्या बायकोला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणजे सही केली तिथंच समोरच्या वकिलाच्या हातात मुद्दा जातो.

घटस्फोट घ्यायचा नाही, पण एकत्र नांदणंही शक्य नाही, अशांसाठी कायद्यात वेगळी सोय आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १० खाली न्यायिक विभक्तता मागता येते. वकील मंडळी तिला 'ज्युडिशियल सेपरेशन' म्हणतात. कोर्टाचा हुकूम झाला की नवरा-बायकोवर एकत्र राहण्याचं बंधन उरत नाही. लग्न मात्र कायम राहतं. त्यामुळे दोघांपैकी कोणालाही दुसरं लग्न करता येत नाही. केलं तर तो गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

हा हुकूम मागायला कारण लागतं. घटस्फोटासाठी चालतात तीच कारणं इथंही चालतात. मारहाण किंवा मानसिक छळ, सलग दोन वर्षं टाकून देणं, बाहेर संबंध असणं ही त्यातली नेहमीची. नुसतं 'दोघांचं ठरलंय' एवढ्यावर हुकूम होत नाही. लग्नाला वर्ष झालं नसेल तर घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतला जात नाही, या अर्जाला मात्र ती अट नाही.

बाईच्या दृष्टीनं खरा फरक पडतो तो वारसाहक्कात. घटस्फोट झाला की ती बायको उरत नाही, नवऱ्याच्या मागे वारसही होत नाही. न्यायिक विभक्ततेत ती बायकोच असते. समजा, असा हुकूम झाल्यावर नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर मुलं आणि सासूच्या बरोबरीनं तीही पहिल्या वर्गातली वारस ठरते. सातबाऱ्यावर वारस नोंद करताना "ती तर माहेरी राहत होती" म्हणून तिला वगळता येत नाही. नवऱ्यानं स्वतः कमावलेली मिळकत मृत्युपत्रानं दुसऱ्याला दिली असेल, तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी.

पोटगीही बंद होत नाही. केस चालू असताना कलम २४ खाली दरमहा खर्च आणि कोर्टखर्च मागता येतो, हुकूम होताना किंवा नंतर कलम २५ खाली कायमची पोटगी. स्त्रीधनावरचा हक्कही शाबूत राहतो. असा हुकूम झालेली बायको कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आपलं स्त्रीधन मागू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिलाय. आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर नवऱ्यानं शरीरसंबंधाची जबरदस्ती केली, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे.

आता दुसरी बाजू, जी गावात सहसा कोणी सांगत नाही. हुकूमानंतर वर्षभर दोघं पुन्हा एकत्र नांदले नाहीत, तर त्यांच्यापैकी कोणीही घटस्फोटाचा अर्ज करू शकतं. अर्ज बायकोनं केला होता म्हणून नवऱ्याचा मार्ग बंद होत नाही. त्यामुळे "घटस्फोट देणारच नाही, नुसती वेगळी राहीन" असा हट्ट असेल, तर हा हुकूम कायमची भिंत नाही हे आधीच समजून घ्यावं. नुसती पोटगी हवी असेल, तर विभक्ततेच्या हुकुमाशिवायही कलम १४४ चा अर्ज करता येतो. उलट मनं जुळली, तर कोर्टाला सांगून हुकूम रद्दही करून घेता येतो.

हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हा कायदा लागू आहे. अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही, मुस्लिमांना लागू नाही. ख्रिस्ती आणि स्पेशल मॅरेज करणाऱ्यांसाठी त्यांच्या कायद्यांत अशीच तरतूद आहे.

अर्जासाठी सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. बायको सध्या राहते तिथल्या हद्दीतल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरवरही माहिती मिळते. जाताना आधार कार्ड, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पोलिसांत काही तक्रार दिली असेल तर तिची प्रत न्यावी. बाँड आधीच करून झाला असेल तर तोही वकिलाला दाखवावा, लपवू नये.