बीपर वाजतो, पण डबा तिथे लागतो का?

आजचा विषय ॲक्सेसिबिलिटी. म्हणजे ज्याला दिसत नाही, ज्याचा हात नीट चालत नाही, त्यालाही आपलं ॲप वापरता येणं. प्रश्न एवढाच, टीममध्ये हे काम कुणाचं?

मी कोपरचा, त्यामुळे उदाहरण लोकलचंच देणार. दिव्यांगांचा डबा जिथे लागतो, तिथे प्लॅटफॉर्मवर टीट-टीट बीपर वाजतो. न दिसणारा प्रवासी त्या आवाजाकडे जाऊन उभा राहतो. पण नुसता बीपर बसवून भागत नाही. मोटरमनने गाडी खुणेवरच थांबवायला हवी, डबा ठरलेल्या जागीच हवा, बंद पडलेला बीपर कुणीतरी दुरुस्त करायला हवा. आणि धडधाकट मंडळींनी त्या डब्यात घुसू नये. (हे सगळ्यात अवघड!)

आपल्याकडे मात्र रिलीजच्या आदल्या आठवड्यात हे सगळं एका डेव्हलपरच्या गळ्यात पडतं. तो बिचारा बटणांना लेबल लावतो. पुरतं का तेवढं?

प्रज्ञा प्रसून यांची केस बघा. त्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. डिजिटल केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा म्हणतात, तेच त्यांना शक्य नव्हतं. बँकेत खातं उघडताना तिथेच अडलं. त्यांच्या आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत 20 निर्देश. त्यातला मला सर्वात आवडलेला म्हणजे, नवं ॲप किंवा फीचर आणताना चाचणीत दृष्टिहीन लोकांना घ्या.

आता सांगा, यात कोडमधला बग कुठे होता? ‘जिवंत माणूस पापणी मिटतोच’ हे कोड लिहायच्या आधीच ठरलं होतं. डेव्हलपरने कितीही लेबलं लावली तरी ते सुटत नाही. तिथे प्रॉडक्ट मॅनेजरनेच विचारायला हवं, हे ज्याला जमणार नाही त्याने काय करायचं?

साधी ओटीपीची स्क्रीन घ्या. फिकट राखाडी अक्षरं डिझायनरची. साध्या मजकुराला 4.5:1 कॉन्ट्रास्ट हवा. 30 सेकंदांचा टायमर प्रॉडक्टवाल्याचा. ‘एरर 402’ असला मेसेज लिहिणाऱ्याचा, तो ऐकून कुणाला काय कळणार? वेबपेजवर मजकूर मराठी आणि भाषेचा टॅग इंग्रजी ठेवला, तर स्क्रीन रीडर गडबडतो, ते आम्हा डेव्हलपर लोकांचं. आणि बाहेरून विकत घेतलेलं केवायसीचं मॉड्यूल? ते घेताना कुणी तपासलंच नाही. माझ्या मते खरी गोची तिथेच असते.

तुमच्याकडे अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि नेहमीच्या ॲपमधून रिचार्ज करून बघा. उजवीकडे स्वाइप केलं की पुढचं बटण, दोनदा टॅप केलं की क्लिक. बंद कसं करायचं ते मात्र आधी बघून ठेवा.