खिसा रिकामा निघाला म्हणून सुटका नाही

“मॅडम, पण प्रत्यक्षात काही झालंच नाही ना! मग गुन्हा कसला?”

हा प्रश्न माझ्या कानावर इतका पडलाय की हल्ली विचारणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत मी भारतीय न्याय संहितेचं कलम ६२ उघडून त्याच्यासमोर सरकवते. शोळिंगनल्लूरला, चेन्नईच्या आयटी पट्ट्यात, मराठी घरं आता बरीच झाली आहेत. नवरा-बायकोपैकी एकाची नोकरी ओएमआर रस्त्यावरच्या कुठल्यातरी कंपनीत, आणि दुसऱ्यानं पुण्यात, कोल्हापुरात नाहीतर नागपुरात एलएलबी केलेलं. बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा तेवढी राहिलेली. ती मराठीतूनही देता येते, म्हणून शनिवार-रविवारी अशी काही मंडळी माझ्याकडे अभ्यासाला येतात. घटना, करार, पुरावा, सगळं तयार असतं. प्रयत्न, अपप्रेरणा आणि कट ही तीन प्रकरणं निघाली की मात्र एकजात सगळे आरोपीचे वकील होतात. जखम नाही, नुकसान नाही, चोरीला काही गेलं नाही, तर सोडा बिचाऱ्याला!

सोडायचं नसतं. कलम ६२ खाली दिलेली दोन उदाहरणं वाचलीत तरी हे कळेल. एक माणूस दागिने चोरायला पेटी फोडतो आणि पेटी रिकामी निघते. दुसरा कुणाच्या तरी खिशात हात घालतो आणि खिशात काही नसतं. दोघंही चोरीच्या प्रयत्नाचे दोषी. ही उदाहरणं १८६० च्या दंड संहितेच्या कलम ५११ मध्ये होती, आणि २०२३ ची संहिता करतानाही ती जशीच्या तशी उचलली. रिकाम्या खिशातून चोरी होऊ शकत नाही, हे मान्य. म्हणून तर चोरीचा आरोप ठेवत नाहीत, प्रयत्नाचा ठेवतात. कलमाच्या शब्दांत मागणी दोनच गोष्टींची आहे: गुन्हा करण्याचा प्रयत्न, आणि त्या प्रयत्नात गुन्ह्याच्या दिशेनं केलेली एखादी कृती. निकाल काय लागला, हे त्यात कुठेही विचारलेलं नाही.

तरी कुणीतरी म्हणतंच, “खिशाचं ठीक आहे, पण खुनाच्या प्रयत्नाला, म्हणजे दंड संहितेच्या ३०७ ला, निदान जखम तरी लागतेच.” मग मी पुण्यात जाते. २२ जुलै १९३१, फर्ग्युसन कॉलेज. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन कॉलेज बघायला आले होते. वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानं त्यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. हॉटसन वाचले. काडतुसात दोष होता म्हणा, किंवा खिशातलं चामडी पाकीट आणि त्यातल्या नोटा आड आल्या म्हणा. हेच गोगटे पुढे महाराष्ट्रात ‘हॉटसन गोगटे’ म्हणून ओळखले गेले. खटल्यात बचाव असा झाला की या गोळीनं मृत्यू येणं शक्यच नव्हतं, म्हणून कलम ३०७ लागत नाही. आधार होता मुंबई उच्च न्यायालयाच्याच १८६७ च्या कॅसिडी खटल्याचा. त्यात टोपी न बसवलेल्या बंदुकीचा प्रश्न होता, आणि मृत्यू घडवण्याची क्षमता असलेली कृतीच ३०७ मध्ये येते, असं न्यायालयानं म्हटलं होतं. १९३२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती बोमंट यांनी गोगट्यांचा हा बचाव फेटाळला. मधे काही आडवं आलं नसतं, तर नेहमीच्या क्रमानं त्या कृतीतून खून झाला असता का, एवढंच बघायचं. पाकीट आडवं आलं हे हॉटसनचं नशीब. त्याचा फायदा गोळी झाडणाऱ्याला कशापायी द्यायचा?

गोगट्यांच्या हेतूबद्दल, त्या काळाबद्दल मराठी माणसाच्या मनात काही वेगळं असू शकतं. माझ्याही आहे. पण कलमाचा अर्थ लावताना ते बाजूला ठेवावं लागतं, आणि उत्तरपत्रिकेत तर नक्कीच. हा निकाल फार जुना वाटत असेल, तर १९८३ चा महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील घ्या. जखमा किरकोळ आहेत, म्हणून ३०७ नाही, हा विचार सर्वोच्च न्यायालयानं त्यात चुकीचा ठरवला. परिणाम काहीही होवो, कृतीमागे कलमात सांगितलेला हेतू किंवा जाणीव होती का, ते तपासायचं. जखमेमुळे फरक पडतो तो शिक्षेत. जखम नसेल तर १० वर्षांपर्यंत कैद, दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. आता हे कलम १०९ आहे. वर्तमानपत्रांत अजून ‘३०७ दाखल’ असंच छापून येतं, ते सोडा.

परीक्षार्थींना सगळ्यात झोंबावा असा निकाल मात्र १९६१ चा आहे, अभयानंद मिश्रा विरुद्ध बिहार राज्य. पाटणा विद्यापीठाच्या एमए इंग्रजीच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठी मिश्रांनी अर्ज केला. आपण पदवीधर आहोत, शाळेत शिकवतो, असं लिहून सोबत खोटे दाखले जोडले. विद्यापीठानं परवानगी दिली, प्रवेशपत्रही रवाना केलं. मग कळलं, गृहस्थ पदवीधर नाहीत आणि शिक्षकही नाहीत. परीक्षा झालीच नाही, पदवी मिळालीच नाही. बचाव तोच, ही नुसती तयारी होती. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अर्ज लिहून झाला तिथे तयारी संपली. अर्ज रवाना झाला त्या क्षणी फसवणुकीचा प्रयत्न सुरू झाला.

इथवर पटलं की गाडी दुसऱ्या टोकाला जाते. मग तयारीसुद्धा गुन्हाच! थांबा. ही सीमारेषा शिकवताना माझ्याकडे दोन ट्रक असतात.

पहिला पंजाबातला. १९६६ मध्ये भाताची ७५ पोती घेऊन ट्रक दिल्लीकडे निघाला होता. पंजाबाबाहेर भात न्यायला तेव्हा बंदी होती. समालखा नाक्यावर तो अडवला, दिल्ली तिथून ३२ मैल. राज्याची हद्द दिल्लीपासून साधारण १८ व्या मैलावर, म्हणजे अजून बराच रस्ता शिल्लक. सर्वोच्च न्यायालयानं ही तयारी मानली. हद्द येईपर्यंत त्यांचं मन बदलू शकलं असतं. कुणी परवान्याबद्दल सावध केलं असतं, तर ते परतही फिरले असते. हा मलकीत सिंग खटला.

दुसरा ट्रक आपल्या वसईजवळचा. १४ सप्टेंबर १९६८ ची रात्र. मुंबईकडून एक जीप आणि तिच्या मागे ट्रक निघाला, कस्टमचे अधिकारी पाठीवर. कामणच्या खाडीपुलाशी गाड्या थांबल्या आणि लहान पण जड गाठोडी उतरवायला सुरुवात झाली. अधिकारी धावले, त्याच वेळी खाडीतून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज आला. गाठोड्यांत चांदीच्या विटा होत्या. सत्र न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं ते कायम केलं. चांदी अजून जमिनीवरच होती, बोटीत चढलीच नव्हती! १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सरकारिया आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी तो निकाल फिरवला. रात्र, खाडी, लपवलेली चांदी, उतरवलेला माल आणि पलीकडे वाजणारं इंजिन हे सगळं एकत्र पाहिलं की हेतू उघड होतो. मलकीत सिंगमधली मन बदलण्याची कसोटी त्या खटल्याच्या तथ्यांपुरतीच समजावी, असंही तिथं स्पष्ट केलं.

आता माझा राग कशावर आहे ते सांगते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्समध्ये एक ओळ हमखास असते: ‘शेवटची कृती राहिली असेल तर प्रयत्न नाही.’ कुणी लिहिली देव जाणे. कामणच्या खाडीवर शेवटची कृती झाली होती का? मिश्रांनी पेपर लिहिला होता का? १९६१ च्याच ओम प्रकाश विरुद्ध पंजाब राज्य खटल्यात नवऱ्यानं बायकोला दिवसेंदिवस उपाशी ठेवलं होतं. ती निसटली म्हणून जगली. सर्वोच्च न्यायालयानं त्याला खुनाचा प्रयत्न म्हटलं, आणि पूर्ण झाल्यास जिच्यातून मृत्यू येईल अशी शेवटचीच कृती हवी, हे म्हणणं मान्य केलं नाही. साठ वर्षांहून जुना कायदा आहे हा. तरी ती ओळ दर परीक्षेच्या आधी नव्यानं फॉरवर्ड होते.

गोंधळाचं दुसरं उगमस्थान म्हणजे अमेरिकन बार परीक्षेचे व्हिडिओ. इंग्रजी सुटसुटीत, आकृत्या छान, कायदा त्यांच्या देशाचा. तिकडे चिथावणी हा स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे ती अपप्रेरणेत येते, कलम ४५. तिकडे बऱ्याच ठिकाणी कटासाठी करारासोबत एखादी उघड कृती लागते. आपल्याकडे कलम ६१ नुसार दोघांचं एखादा गुन्हा करायचं ठरलं की कट पूर्ण. उघड कृती लागते ती फक्त ठरलेली गोष्ट बेकायदेशीर असून स्वतः गुन्हा नसेल तेव्हा.

पण ‘ठरलं’ हे सिद्ध व्हावं लागतं. माझ्या घरावरून जाणाऱ्या ओएमआरचं अधिकृत नाव राजीव गांधी सालई, आणि राजीव गांधींच्या हत्येचा खटलाच इथे उपयोगी पडतो. श्रीपेरुंबुदूरला २१ मे १९९१ रोजी हत्या झाली. पूनमल्लीच्या टाडा न्यायालयानं जानेवारी १९९८ मध्ये सगळ्या २६ आरोपींना फाशी सुनावली. ११ मे १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं हत्येच्या कटाचा दोष फक्त सात जणांवर कायम ठेवला, चौघांना फाशी आणि तिघांना जन्मठेप. उरलेले १९ त्या आरोपातून सुटले. हत्या घडवणाऱ्या संघटनेशी संबंध असणं, कुणाला आसरा देणं, नुसतं माहीत असणं, यातलं काहीही एकटं पुरत नाही. हत्येच्या करारात सहभाग दिसला पाहिजे. काही झालं नाही तरी गुन्हा, असं मी वर घसा कोरडा करून सांगितलं, त्याची ही दुसरी बाजू.

बाकीचे गैरसमज झटपट उरकते.

‘प्रयत्नाला नेहमी अर्धी शिक्षा.’ कलम ६२ ची अर्धी शिक्षा फक्त तिथे, जिथे प्रयत्नासाठी वेगळी तरतूद नाही. जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत कैद, तिच्या प्रयत्नाला कलम ३०९(५) नुसार ७ वर्षांपर्यंत. पर्यायांत ५ दिसले की बरेच जण तिथेच टिक करतात.

‘तयारीला कधीच शिक्षा नाही.’ दरोड्याच्या तयारीला आहे, कलम ३१०(४), १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दरोड्याचा प्रयत्न तर दरोड्याच्या व्याख्येतच बसवलेला आहे.

‘ज्याला भरीस घातलं त्यानं नकार दिला, म्हणजे संपलं.’ भरीस घालणारा तरीही दोषी. कलम ४६ खालचं खुनाचं उदाहरण नेमकं हेच सांगतं.

‘कलम ६२ सगळ्या कायद्यांना लागतं.’ ते याच संहितेतल्या गुन्ह्यांपुरतं आहे. कामणच्या चांदीचा खटला कस्टम कायद्यातल्या प्रयत्नाच्या तरतुदीवर चालला होता.

‘आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम पूर्ण गेलं.’ दंड संहितेचं ३०९ गेलं. पण नव्या संहितेत सरकारी सेवकाला त्याचं कर्तव्य करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला, तर कलम २२६ उभं आहे.

‘दंड संहिता आता वाचायलाच नको.’ १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले अजून तिच्याखालीच चालतात, आणि तुम्ही वकिली सुरू कराल तेव्हाही बरीच वर्षं चालतील.

बार परीक्षेला टिपा नसलेला बेअर ॲक्ट आत नेता येतो. तो न्या. प्रयत्नावर प्रश्न दिसला की नोट्समधली ती ओळ आठवत बसू नका. कलम उघडा आणि त्याखालचं उदाहरण शेवटपर्यंत वाचा.